लेकरू पाणी मागत नाही

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. उन्हाळी भुईमुगाच्या पाण्याच्या पाळ्यांविषयी बोलायला मी एका गावी गेले होते. सकाळी नऊची वेळ. मारुतीच्या पारावर पंधरा-वीस शेतकरी जमलेले, आणि पाराला लागूनच अंगणवाडीची खोली. आऱ्या सुटताना आणि शेंगा पोसताना भुईमुगाला पाण्याचा ताण बसू देऊ नका, एवढे सांगून मी समोरच्या एका शेतकऱ्याला विचारले, "तुम्ही शेवटचे पाणी कधी दिलेत?"

"मंगळवारी रातीला," ते म्हणाले. "तीनला लाइट आली. सातपर्यंत नऊ वाफे भिजले, वरचे दोन कोरडे ऱ्हायले. ते आज रातीला."

इतके चोख उत्तर ऐकून मला बरे वाटले. तेवढ्यात त्यांची सून सगळ्यांना चहा घेऊन आली. अंगणवाडीत एक मूल किरकिर करीत होते. मी सहज विचारले, "तुमचेच का हो ते?"

"व्हय. धाकटं हाय. तीन वर्साचं."

"सकाळपासून पाणी किती प्यालं?"

तिला माझा प्रश्नच कळेना. मग हसून म्हणाली, "ते सेविकाताईला ठावं."

बैठक आटोपल्यावर मी सेविकाताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मागितलं की देतो की मॅडम. मडकं भरलेलंच असतंय. अन् घरून पिऊनच येतेत लेकरं."

दोघीही खोटे बोलत नव्हत्या. आई समजत होती की तिथे पाजतात, सेविका समजत होत्या की घरून पिऊन आले आहे. खोदून विचारले तेव्हा कळले की त्या लेकराच्या पोटात सकाळपासून अर्धा कप चहा गेला होता, बस्स. बाहेर ऊन चटके देऊ लागले होते. वरचे दोन वाफे कोरडे आहेत हे आजोबांना ठाऊक होते, नातू कोरडा आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

मी कोणावर रागावले नाही. रागावण्याचा मला अधिकारच नाही. का नाही, ते आज सांगते. हे मी आजवर घराबाहेर फारसे बोललेले नाही.

१९९९ साल. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी होऊन मी नोकरीला लागले त्याला चार वर्षे झाली होती. तालुक्याच्या गावी भाड्याचे बिऱ्हाड, माझ्याकडे आठ गावे आणि फिरायला एक जुनी लूना. ह्यांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झालेली, सासूबाई मामंजींच्या आजारपणात गावाकडे अडकलेल्या. आमचा मुलगा तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता. बसस्टँडच्या मागे एक मावशी पाळणाघर चालवीत. दोन खोल्या, वर पत्रे, नऊ मुले आणि त्या एकट्या. त्यांची मोठी मुलगी शाळेतून आली की मदत करी. मावशी मायाळू होत्या. मुलगा त्यांच्याकडे रडत जात नसे, म्हणून मी निश्चिंत होते.

सकाळी आठला मी त्याला सोडायची. सोबत डबा, दोन लंगोट आणि पाण्याची बाटली. संध्याकाळी सहाला आणायची. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली परत येई. मावशी माठातले गार पाणी देत असतील, असे मी धरून चालले होते. ते शिळे पाणी मी मोरीत ओतून टाकायची. इतक्या वर्षांनीही ते ओतणे मला आठवते.

एप्रिल लागला तसे मावशी एकदा म्हणाल्या, "ताई, तुमचं लेकरू मोठं गुणाचं बघा. आज दिवसभरात एकच लंगोट." मला अभिमान वाटला. पोरगा लवकर शहाणा झाला, असे मी शेजारणीला सांगितलेसुद्धा! घरी आल्यावर तो किरकिर करी, ओठ सुकलेले असत. मी म्हणायची, सुळे येताहेत. रात्री तो दोन-दोन पेले पाणी घटाघटा पिई, आणि मला वाटे, उन्हाळाच आहे, पिणारच.

मग एके दिवशी दुपारी त्याला दोनदा पातळ झाले. मावशी तेव्हा रेशनच्या रांगेत होत्या. त्यांच्या मुलीने लंगोट बदलले, धुऊन वाळत घातले. तिने मावशींना सांगितले नाही, मावशींनी मला सांगितले नाही, आणि मी तर विचारलेच नाही. लूनाच्या पुढच्या टोपलीत पिशवी टाकली आणि त्याला घेऊन घरी आले.

रात्री आठला त्याने वरणभाताचा घास तोंडात तसाच धरून ठेवला. गिळला नाही. पुन्हा पातळ झाले, उलटी झाली. रडला, पण डोळ्यांतून पाणी आले नाही. हे मी पाहिले, आणि तरी त्याचा अर्थ मला कळला नाही. दहाच्या सुमारास त्याची मान खांद्यावर लुळी पडू लागली तेव्हा शेजारच्या काकांनी स्कूटर काढली.

डॉक्टरांनी त्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. घडी तशीच उभी राहिली आणि मग सावकाश खाली बसली. ती परीक्षा मी ओळखत होते. हगवण लागलेल्या वासराच्या मानेवर पशुवैद्यकांना असाच चिमटा काढताना मी कितीदा पाहिले होते. शेतकऱ्यांना मीच सांगत असे, घडी लवकर मोडली नाही तर वासराच्या अंगातले पाणी गेले असे समजा, उशीर करू नका.

डॉक्टरांनी विचारले, "सकाळपासून लघवी किती वेळा झाली?"

मी गप्प.

"पाणी किती प्यायला? जुलाब केव्हापासून?"

मी गप्पच. त्या दिवशीच्या माझ्या दैनंदिनीत कोणाच्या विहिरीत किती फूट पाणी उरले आहे त्याची नोंद होती.

सलाइन लावले. शीर सापडायला वेळ लागला, ते मी सांगत नाही. पहाटे चारच्या सुमारास माझ्या मांडीला एकदम ऊब लागली. पातळ भिजले, खालची चादर भिजली. परिचारिका म्हणाली, "झाली एकदाची! आता घाबरू नका." ओली चादर पाहून इतका आनंद झालेली आई त्या दवाखान्यात मी पहिलीच नसेन.

तीन दिवसांनी मुलगा घरी आला, आणि मी मावशींशी भांडायला गेले. खूप बोलले. त्यांनी ऐकून घेतले. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "ताई, नऊ लेकरं अन् माझे दोन हात. पाणी पाजलं की भिजवतेत. लंगोट दोनच असतेत. एका आड एक दिवस नळ येतो. अन् तुम्हीच म्हणाला होता की मागच्या सोमवारी, ह्याला ओला का ठेवला, सर्दी होईल म्हणून."

म्हणाले होते. चांगल्या चढ्या आवाजात म्हणाले होते. बाकीच्या आयाही म्हणत. त्या बाईने मग आपल्यापुरता उपाय काढला, पाणी कमी केले. लेकरे कोरडी राहिली, आया खूश झाल्या आणि मी शेजारणीला कौतुक सांगितले.

भांडण तिथेच संपले. मी जुन्या धोतरांचे डझनभर लंगोट करून मावशींकडे नेऊन दिले. एक लहान स्टीलची वाटी दिली. मावशींना लिहिता येत नव्हते, म्हणून दाराआडच्या भिंतीवर कोळशाने खुणा करायचे ठरले. एक वाटी पाणी पाजले की एक उभी रेघ. लंगोट ओला झाला की एक गोल. पातळ झाले तर गोलात फुली. संध्याकाळी मी आधी भिंत बघायची आणि मग मुलाला उचलायची. पहिल्या दिवशी तीन रेघा होत्या, आठवड्याने पाच-सहा होऊ लागल्या. मग बाकीच्या आयाही आपापल्या वाट्या घेऊन आल्या, आणि मावशींची भिंत दूधवाल्याच्या खात्यासारखी भरली.

आता थोडे कामाचे बोलते.

लहान मूल पाणी मागत नाही, हे आधी मनात धरा. अगदी लहानाला बोलता येत नाही. तीन-चार वर्षांचे खेळात गुंतलेले असते, तहान कळेपर्यंत उशीर होतो. परक्या जागी मागायला लाजते. आणि मुलींचे आणखी एक असते. शौचालय नाही, किंवा आहे तर त्याला कडी नाही, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. हे त्या कोणाकडून शिकतात? आपल्याकडूनच. खुरपायला गेलेली बाई आडोसा नाही म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर राहते, हे मी नोकरीभर पाहत आले आहे, स्वतः केलेही आहे. लेक आपल्याकडे बघूनच वागते.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण साठ टक्के पाणी असते, नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या अंगात पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास. वजनाच्या मानाने लहान मुलाची कातडी जास्त आणि श्वासही भरभर, म्हणून ते लवकर सुकते. कोवळे रोप आणि जुने झाड यांत जो फरक, तोच इथे. जुने आंब्याचे झाड महिनाभर तग धरते, मिरचीचे रोप दुपारीच मान टाकते.

किती पाजायचे? डॉक्टर लोकांचा ढोबळ हिशेब असा आहे की दहा किलो वजनाच्या मुलाला दिवसरात्रीत मिळून सुमारे एक लिटर ओले पोटात जायला हवे. त्यात दूध, पाणी, वरण, ताक सगळे आले. शंभर मिलिलिटरची लहान वाटी धरली तर दहा वाट्या. वजन जास्त, ऊन जास्त, ताप असेल, तर त्याहून जास्त. मूल पाच-सहा तास दुसऱ्याच्या हवाली असेल तर त्यातल्या चार-पाच वाट्या तिथे जायला हव्यात. एकदम नव्हे, थोडे थोडे. जेवणाच्या तोंडावर पोटभर पाणी पाजू नका, भूक मरते, हे आपल्या आज्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण जेवणाआधी नको म्हणून जेवणानंतरही विसरले, असे होऊ नये.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र पाणी द्यायचेच नाही, उन्हाळ्यातही नाही. आईचे दूध हेच त्याचे अन्न आणि हेच पाणी. दिवस उन्हाचे असतील तर त्याला अधिक वेळा पाजायचे. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाची आई कामावर असेल, तर तिला मध्ये घरी किंवा झोळीपाशी यायला सुट्टी मिळाली पाहिजे. मालकिणींनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मजुरीण अर्धा तास गेली तर भुईमूग काही पळून जात नाही.

चहा म्हणजे पाणी नव्हे. रंगीत गोड पेयांच्या बाटल्याही नव्हेत. ताजे पातळ ताक, वरणाचे पाणी, लिंबाचे सरबत, काकडी, कलिंगड ही आपल्या घरची ओल आहे.

आणि एक गोष्ट माझ्या खात्यातली. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यातून पिण्याचे पाणी आणू नये. एका शेतावर झोळीखाली असाच एक पांढरा डबा मी पाहिला. त्यावरचा कागद सोलून काढला होता, झाकण चांगले होते, म्हणून ठेवला होता. त्या घरचे माझ्यावर रागावले, कारण मी तो तिथेच विळ्याने भोसकला. रागावू देत. पिण्याचे पाणी मातीच्या किंवा धातूच्या झाकलेल्या भांड्यात, उंचावर, आणि बुडवायला लांब दांड्याचे ओगराळे. लेकरांचे हात भांड्यात जाता कामा नयेत. गढूळ असेल तर गाळा आणि उकळा.

मूल कोरडे पडते आहे हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. ओठ आणि जीभ सुकते. लघवी सहा तासांत झालीच नाही किंवा मोहरीच्या तेलासारखी गडद झाली, तर ते सांगणे आहे. रडताना आसू नाहीत, डोळे आत गेलेले, खेळणारे मूल एका कोपऱ्यात गप्प बसलेले, कातडीची घडी न मोडणे, हे दिसले की घरगुती प्रयोग थांबवायचे आणि दवाखाना गाठायचा. तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली तर तेच.

जुलाब लागले की पहिल्या पातळ संडासापासून जलसंजीवनी सुरू करायची. दोन वर्षांखालच्याला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. पाकिटावर जितके पाणी लिहिले असेल तितक्यातच सगळे पाकीट विरघळवायचे, अर्धे आज अर्धे उद्या नाही, आणि चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यायचे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवायचे नाही, आसवांपेक्षा खारट लागले तर ओतून नवे करायचे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करायचे नाही. आशाताई किंवा उपकेंद्रातून झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या करायच्या. दुकानात खोक्यात मिळणाऱ्या गोड पेयांवर पूर्वी जलसंजीवनीचे इंग्रजी नाव छापलेले असे, २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यास मनाई केली. घ्यायचे ते साधे पाकीटच.

या जलसंजीवनीची एक हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित आले आणि बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरली, आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. पाजणाऱ्या आया होत्या, भाऊ होते, सासवा होत्या. जिथे शंभरात तीसच्या घरात माणसे दगावत होती, तिथे ते प्रमाण चारच्या खाली आले. डॉक्टर २०२२ साली वारले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. मला त्यातले औषधाइतकेच ते पेले वाटणे मोठे वाटते.

आपल्याकडे मूल सांभाळणारी ती परकी बाई फार वेळा परकी नसतेच. अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ पासून आल्या, त्यांना पन्नास वर्षे झाली. पण सुगीत आजीच पाळणाघर असते. ऊसतोडीच्या फडावर तर आठ-नऊ वर्षांची बहीण पाळणाघर असते. कोपीपाशी धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर उभी. तिला स्वतःलाच कोणी पाणी पी म्हणून सांगत नाही. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात लिहिले होते की बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले कामावर आली, तर त्यांतल्याच एका बाईला मुले सांभाळायला नेमून मजुरी द्यावी. मृद्संधारणाच्या एका कामावर मी अशी बाई बघितली आहे. लिंबाखाली सात लेकरे घेऊन बसली होती. तिला हजेरी मिळत होती, पण काय पाजायचे, किती पाजायचे आणि संध्याकाळी आयांना काय सांगायचे हे कोणी सांगितले नव्हते. मी बांधाची लांबी मोजून परत आले. मीही सांगितले नाही. त्याला बारा-तेरा वर्षे झाली असतील.

तर गेल्या एप्रिलमध्ये त्या पाराशेजारच्या अंगणवाडीत मी सेविकाताईंना मावशींच्या भिंतीची गोष्ट सांगितली. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "मॅडम, आणिक एक रजिस्टर नगा लावू." त्यांचे खरे होते. त्यांच्याकडे नोंदवह्या कमी आहेत का? आणि वर मोबाइल. मी म्हटले, रजिस्टर नाही, वरिष्ठांना दाखवायचे नाही. खडूने दाराच्या आतल्या बाजूला. आयांना वाचता येईल असे.

मदतनीसबाईंनीच युक्ती काढली. नावे लिहिण्याऐवजी त्यांनी चित्रे काढली, कोणाला चिमणी, कोणाला बैल, कोणाला ट्रॅक्टर. आल्या आल्या एक वाटी, गाणी झाल्यावर एक, खाऊसोबत एक, घरी जाताना एक. सगळ्यांनी गोल करून एकदम प्यायचे. एकाने तोंडाला लावली की दुसरे लावतेच, पोरांचे तसेच असते. पाण्यानंतर ओळीने शू करून आणायचे, म्हणजे भिजायची तक्रार नको. पहिल्या दिवशी काही आया म्हणाल्या, लेकराला सर्दी होईल. एक आजोबा दार बघून म्हणाले, "हे काय, डेअरीचं खातं उघडलं का?" सेविकाताई म्हणाल्या, "व्हय आजोबा, फकस्त इथं फॅट लागत न्हाई."

मी सांगितले होते की न्यायला येणाऱ्याने दार बघितल्याशिवाय लेकरू उचलायचे नाही. आणि सकाळी आणून सोडताना आईने दोन शब्द बोलायचे: रात्री झोपले का, पोट बरे आहे का, काय पिऊन आले. सगळ्या करतात असे नाही. निम्म्या करतात. काही आयांना घाई असते, काहींना हे रिकामटेकडेपण वाटते, आणि एका सासूबाईंनी तर मला तोंडावर सांगितले की आम्ही सहा पोरं वाढवली ती काय रेघा ओढून? मी काही बोलले नाही. सहातली किती जगली, हे त्यांना विचारायचे नव्हते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी हळदीच्या शिजवणीच्या कामाने पुन्हा त्या बाजूला गेले आणि सकाळीच अंगणवाडीत डोकावले. दारावर बैलाच्या चित्रापुढे एकच रेघ होती, तीही अर्धी. बाकी सगळ्यांच्या दोन झाल्या होत्या. बैल म्हणजे तेच, पारावरच्या शेतकऱ्याचे नातू.

"वाटी तोंडाला लावतंय अन् ढकलतंय," मदतनीसबाई म्हणाल्या. "काल घरी जाताना बी अर्धीच घेतली. म्या त्याच्या आईला बोलले, ती म्हणली, घरी बी कमीच पेतंय."

सेविकाताईंनी त्याला खिडकीच्या उजेडात नेऊन तोंड उघडायला लावले. जिभेच्या कडेला आणि आतल्या गालाला पांढरे फोड. तोंड आले होते, पाणी लागले की चरचरत होते. मदतनीसबाई तशाच पायी शेतात गेल्या. अर्ध्या तासात ती सून आली, हात हळदीने पिवळे, कपाळावर घाम. तिने मला ओळखले. लेकराला कडेवर घेतले, दाराकडे बघितले आणि मला म्हणाली, "काल सकाळधरनं धरलं तर पाच वाट्या झाल्या असत्याल मॅडम. दोन इथल्या, तीन घरच्या. शू दोनदा. जास्त पिवळी न्हाई. डॉक्टरला एवढंच सांगायचं, का आणिक काही?"

मी म्हटले, एवढेच सांगा. आणि लूना कधीच गेली असली तरी आता माझ्याकडे चांगली गाडी आहे, बसा मागे, उपकेंद्रापर्यंत सोडते.